संगीत नाटक परदेशी निघालंय? बॅकस्टेजवाल्यांनो, या चुका टाळा

कोल्हापुरात रात्री बाराला ट्रक भरला, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी बेळगावात किंवा सोलापुरात सेट उभा असतो. सेटच्या भिंतीचा कुठला फ्लॅट कुठं लागतो, गदा कुठल्या ट्रंकेत आहे, नांदीची समई कुणाजवळ आहे, हे कागदावर नसतं, पोरांच्या डोक्यात असतं. काही राहिलंच तर "तिथं गेल्यावर बघू की" म्हणायचं. आणि खरंच बघितलं जातं. सुतार मिळतो, मंडपवाला मिळतो, शेजारच्या घरातनं समई मिळते.

बावीस वर्षं बॅकस्टेज केल्यावर सांगतो, परदेश दौऱ्यात हेच वाक्य सगळ्यात महागात पडतं. तिथं गेल्यावर बघायला ना वेळ असतो, ना माणूस. जे कागदावर नाही ते तिथं नाहीच, असं धरून कोल्हापुरातच तयारी करा.

यादी मराठीत करून इंग्रजी दुसऱ्यावर सोपवणं

आमच्या पहिल्या दौऱ्याची सामानयादी मी मराठीत लिहिली. ओळखीच्या एका मुलानं एका रात्रीत तिचं इंग्रजी करून दिलं. यादीत होतं, "पेटी, लाकडी, १ नग". इंग्रजीत ते लाकडी खोकं झालं. कस्टमच्या टेबलावर झाकण उघडलं तर आत भाता आणि पितळी सूर. कागदावर खोकं, समोर वाद्य. अधिकाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. दीड तास आम्ही तिथं उभे होतो आणि शेवटी आमच्या ऑर्गनवाल्या मास्तरांनी दोन सूर वाजवून दाखवले तेव्हा कुठं सुटका झाली. तेव्हापासून पेटी, तबला, डग्गा, टाळ, तानपुरा ही नावं मी स्वतः इंग्रजीत लिहितो आणि प्रत्येकापुढं "वाद्य" हा शब्द घालतो.

यादीत प्रत्येक वस्तूचं नाव, नग, वजन, किंमत, कुठल्या देशात बनली आणि ट्रंकेचा नंबर हवा. सोबत फोटो ठेवा. बेगडी दागिन्यांसमोर "नकली, नाटकासाठी" असं स्पष्ट लिहा. आपला बाजूबंद आणि चंद्रहार मेकअपरूमच्या उजेडातही अस्सल दिसतो, तर कस्टमवाल्याला तो सोन्याचा का वाटू नये?

सामान जास्त असेल तर एटीए कार्नेट काढा. मालाचा पासपोर्ट म्हणा हवं तर. भारतात तो फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, मुदत एक वर्षाची असते आणि जो देश तो मानतो तिथं तात्पुरत्या आणलेल्या सामानावर ड्यूटी भरावी लागत नाही. त्यासाठी हमीची रक्कम ठेवावी लागते, म्हणून निर्मात्याला आधीच कल्पना द्या. यात लोक दोन ठिकाणी फसतात. कार्नेट निघाल्यावर यादीत नवी वस्तू घालता येत नाही. आणि संपणाऱ्या वस्तू त्यात येत नाहीत. मेकअपचं सामान, सेल, चिकटपट्टी, वाटायचा प्रसाद यांचा हिशेब वेगळा ठेवा.

वजन बघणं आणि माप विसरणं

चेक-इनची बॅग बहुतेक ठिकाणी २३ किलोची आणि कितीही पैसे भरले तरी एक नग ३२ किलोच्या वर घेत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं. कार्गोचं गणित मात्र माहीत नसतं. विमानाच्या कार्गोत साधारणपणे ६००० घनसेंटीमीटरला १ किलो धरतात आणि खरं वजन व हे वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे घेतात. १२० × ८० × ६० सेंटीमीटरची ट्रंक म्हणजे ९६ किलो. आत पगड्या आणि मुकुट मिळून ४० किलो असले, तरी बिल ९६ चंच. म्हणून पगड्या एकात एक बसवा, मधल्या पोकळीत शेले आणि उपरणी भरा, रिकामी हवा विमानानं नेऊ नका.

फ्लॅट घडीचे करून घ्या. खोकं साध्या लाकडाचं असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का लागतो. म्हणजे कीड पसरू नये म्हणून ते लाकूड बहुधा आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. प्लायवूडला ही अट नाही. त्यामुळं मी सुताराला सरळ प्लायचीच खोकी सांगतो.

आता आपल्या गावचा मुद्दा. जुलै-ऑगस्टमध्ये निघणार असाल तर कोल्हापूरच्या पावसात कपडेपट आतनं दमट असतो. हाताला कळत नाही. तशीच ट्रंक बंद करून जहाजानं पाठवली की उघडताना बुरशीचा वास येतो आणि जरतार काळी पडलेली असते. प्रयोगानंतर घामट अंगरखा घडी करून ठेवायची सवय तर अगदीच वाईट. उघडीप मिळेल तेव्हा कपडे वाळवा, ट्रंकाही वाळवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि शक्य तितक्या उशिरा झाकण लावा.

एका पात्राचा सगळा पोशाख एकाच बॅगेत भरू नका. वाटेत एक बॅग हरवली की नायक उघडाच. माझा नियम असा, की पहिल्या अंकाचा मुख्य पोशाख, दागिने आणि विग हातातल्या बॅगेत. उरलेलं वाटून.

हातातल्या बॅगेत नको ते ठेवणं

तबलजी जीव गेला तरी हातोडी सोडत नाही. ती हातातल्या बॅगेत सापडली की सुरक्षा तपासणीत गेलीच समजा. हातोडी, कात्री, लाकडी तलवारी, सगळं चेक-इनमध्ये. नकली पिस्तूल नेऊच नका. अमेरिकेला जाताना ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर हातात नेता येत नाही, त्यामुळं तबल्याची शंखजिऱ्याची पावडर आणि रंगभूषेचा पावडरचा डबाही खालीच जाऊ द्या.

पॉवरबँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या नेमक्या उलट. त्या हातातच हव्यात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम आणि अॅसिटोन ज्वालाग्राही आहेत, ते कुठल्याच बॅगेत नाहीत. पोहोचल्यावर विकत घ्या. पण हे निघायच्या आधी रंगभूषेच्या काकांना सांगा. आमच्या काकांनी ऐनवेळी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकताना जो चेहरा केला तो मला अजून आठवतो.

पौराणिक नाटक असेल तर मोरपिसं काढून ठेवा. मोरपिसांच्या निर्यातीला आपल्याकडं बंदी आहे. कृष्णाच्या मुकुटासाठी कापडाची पिसं करून घ्या, तिसऱ्या रांगेतनं फरक कळत नाही. जुना पायपेटीचा ऑर्गन असेल तर त्याच्या पट्ट्या हस्तिदंती आहेत का ते आधी तपासा. असतील तर तो वाडवडिलांच्या जागी घरीच राहू दे. ऑस्ट्रेलियाला जाताना नारळ, सुकी फुलं, सुतळी, गवताची झोपडी, बियांच्या माळा असं काही लपवू नका. तिथं उतरताना भरायच्या कार्डावर जाहीर करा.

विजेला गृहीत धरणं

आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ब्रिटनमध्ये आणि दुबईतही जवळपास तसंच, फक्त प्लग वेगळा. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. नुसता पिन बदलायचा कन्व्हर्टर घेऊन गेलेल्या माणसाला वाटतं काम झालं. कोल्हापुरातली १००० वॉटची इस्त्री तिथं लावली की ती जेमतेम २७० वॉटचं काम करते. नऊवारी शालूची चुणी तिनं जात नाही. आणि हौसेनं तिकडची इस्त्री विकत घेऊन इथं २३० वर लावली तर पहिल्याच दिवशी जळते. इस्त्री, हीटर, केस वाळवायचं मशीन तिथलंच मागवा.

प्रत्येक अॅडॉप्टर उलटा करून वाचा. १०० ते २४० लिहिलं असेल तर निश्चिंत राहा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या अॅडॉप्टरवर बऱ्याचदा फक्त २३० असतं, आणि हे नेमकं नांदीआधी पाच मिनिटं कळतं. फिरत्या सेटची मोटर साध्या वीजवारंवारितेवर चालणारी असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ६० हर्ट्झवर ती सुमारे १.२ पट वेगानं फिरते. आमचा रंगमंचावरचा झोपाळा हातानं ओढायचा ठरवला, त्याचं मोठं कारण हेच.

ब्रिटनच्या थिएटरांत तुमच्या उपकरणांवर विद्युत तपासणीचा स्टिकर मागतात. कॉर्डलेस माइक तर नेऊच नका, भाड्यानं घ्या. प्रत्येक देशात वेगवेगळ्या लहरी मोकळ्या असतात. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातला मोठा भाग २०२० पासून माइकसाठी बंद आहे.

"वन्स मोअर" क्यूशीटमध्ये न लिहिणं

इथं मी जरा थांबतो, कारण संगीत नाटकाचं दुखणं इथंच आहे.

तिथल्या सभागृहात लाइटवर बसलेला माणूस तयारीचा असतो, पण त्याला मराठी येत नाही. तुम्ही क्यू, म्हणजे दिवा कधी बदलायचा ती खूण, लिहिता, "पदाच्या शेवटी फेड आउट". पद संपलं, तिहाई समेवर आली, त्यानं दिवे उतरवले. त्याच क्षणी प्रेक्षकांतनं "वन्स मोअर". गायक अंधारात उभा, ऑर्गननं पुन्हा सूर धरलेला, आणि रंगमंच काळा. एका प्रयोगात हे आम्ही अनुभवलं. आमच्या गाणाऱ्या पोरीनं अंधारातच अंतरा उचलला, दिवे यायला अर्धी ओळ गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्ही चुकलो नव्हतो असं नाही.

तेव्हापासून प्रत्येक पदाखाली लिहितो, "थांबा. टाळ्या. वन्स मोअर शक्य." आणि दिव्याचा क्यू शब्दांवर नाही, हेडसेटवरच्या माणसाच्या तोंडी. हा माणूस आपला हवा, त्याला पदं पाठ हवीत आणि तो ताल मोजणारा हवा. आधी "स्टँडबाय" आणि क्यूचा नंबर, मग "गो". हेडसेटवर इतर बोलण्यात "गो" हा शब्द चुकूनही नको. "गोविंदा, पडदा बघ" म्हणालात तरी दिवा जाईल.

याचीच दुसरी बाजू वेळेची. दहा वाजता सभागृह रिकामं म्हणजे सामानासकट रिकामं. त्या वेळेत सेट उतरवणं धरलेलं असतं. पुढं गेलात की तिथल्या कामगारांचा जादा मोबदला आयोजक मंडळाच्या डोक्यावर. दहातनं मागं मोजत या आणि कुठलं पद किती आखडायचं, वन्स मोअर किती घ्यायचे हे गायकांशी कोल्हापुरातच ठरवा. गायकाला हे विंगेतनं हातवारे करून सांगणं म्हणजे त्याचा अपमान आहे.

अमेरिकेत बरेच प्रयोग शाळांच्या सभागृहात आणि शुक्रवार ते रविवार होतात. मदतीला मंडळाची माणसं असतात, मनापासून राबणारी, पण फ्लॅट कधी न धरलेली. त्यांना एकच काम द्या, तेही नीट दाखवून. रंगमंचाची रुंदी, खोली, उंची आणि विंगेची जागा महिनाभर आधी मागवा. अमेरिकेतनं माप फुटांत येईल, बाकी ठिकाणी मीटरमध्ये. वहीत दोन्ही लिहा.

आग आणि उदबत्ती

कोल्हापूरकराला हे समजावून सांगायची गरज पडू नये. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण पाहिलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं ते घर. त्या रात्री खासबाग मैदानाच्या बाजूला मी उभा होतो आणि शेजारी आमची सगळी पोरं होती, कुणी बोलत नव्हतं.

म्हणून परदेशातल्या थिएटरनं पडद्याच्या अग्निरोधकतेचं प्रमाणपत्र मागितलं की "काय कटकट आहे" म्हणू नका. झालरी, पडदे, कापडी फ्लॅट शिवायच्या आधीच तसं कापड घ्या आणि प्रमाणपत्र सोबत ठेवा. ब्रिटनमध्ये बीएस ५८६७ आणि अमेरिकेत एनएफपीए ७०१ ही मानकं विचारतात. समई, निरांजन, मशाल यासाठी लेखी परवानगी लागते, नाहीतर एलईडीची ज्योत. नटराजाच्या पूजेचा कापूर आणि उदबत्ती तर थेट धुराच्या अलार्मला लागते आणि प्रेक्षकांनी भरलेलं सभागृह बाहेर जातं. पूजा मुक्कामाच्या घरी करून या. विंगेत हात जोडले तरी देवाला पोहोचतं.

तबला

तिकडच्या हिवाळ्यात खोल्या हीटरनं कोरड्या ठाक असतात. पुडी ताणते, सूर चढतो, कधी शाईला तडा जातो. तबला हॉटेलात हीटरजवळ ठेवू नका, जाड कापडात गुंडाळा, एक जादा पुडी न्या. तानपुऱ्याच्या तारा विमानात चढवताना सैल केलेल्या असाव्यात.

चपला आणि शिडी

आपली पोरं दिवे टांगायच्या बारवर अनवाणी चढतात. तिथं बंद बूट, हेल्मेट आणि उंचीवर पट्टा नसेल तर काम थांबवतात. बूट इथूनच घ्या आणि महिनाभर घालून मऊ करा.

व्हिसाच्या यादीत बॅकस्टेज शेवटी

निर्माता कलाकारांचे अर्ज आधी भरतो आणि बॅकस्टेजचे मागाहून. असं होऊ देऊ नका. अमेरिकेच्या पी-३ व्हिसात, म्हणजे सांस्कृतिक कार्यक्रमाच्या कलाकारांसाठीच्या व्हिसात, आवश्यक सहायकांची सोय आहे, पण तुमचं काम नाटकासाठी का अटळ आहे हे लिहून द्यावं लागतं. "हेल्पर" असं लिहू नका. "प्रकाश क्यू देणारा", "कपडेपट प्रमुख" असं लिहा, कारण तुम्ही तेच आहात. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि एकच नाव आहे, त्यांनी दुरुस्ती आधी करून घ्यावी. दुबईला भेटीच्या व्हिसावर असा पासपोर्ट २०२२ पासून अडू शकतो.

परतताना शिक्का न घेणं

मुंबईला पहाटे उतरल्यावर सगळे थकलेले असतात आणि खाली कोल्हापूरची गाडी उभी असते. कार्नेट असेल तर तसेच बाहेर पडू नका. त्या देशातून निघताना एक शिक्का आणि मुंबईत माल परत आल्याचा दुसरा, दोन्ही लागतात. पहिला राहिला तर माल तिथंच विकला असं धरून तिथल्या ड्यूटीची मागणी काही महिन्यांनी इथं येऊ शकते. मी एका माणसावर एवढंच काम सोपवतो. त्याच्या हातात दुसरं सामान देत नाही, आणि त्यानं शिक्क्याचं पान दाखवल्याशिवाय ट्रंका गाडीत चढवत नाही.