एका चॅनेलच्या सीआरओवर दोन सिग्नल: स्विच सोपा, ट्रिगर अवघड

एका चॅनेलचा जुना सीआरओ (एका वेळी एकाच सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) स्वस्तात मिळाला की पहिली अडचण ठरलेली: सर्किटचं इनपुट आणि आउटपुट एकत्र बघायचं कसं? उपाय जुना आहे. दोन सिग्नल आळीपाळीने, झपाट्याने सीआरओला जोडत राहायचे.

सगळे भाग पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. स्विचसाठी नवखे बहुधा ४०६६ ही आयसी उचलतात. मी सीडी ४०५३ ही स्विचची आयसी घ्या म्हणेन. हिच्यात पिन ११ वरच्या एकाच क्लॉकने (ठरावीक वेगाने चालू-बंद होणाऱ्या सिग्नलने) १२ आणि १३ वरचे सिग्नल पाळीपाळीने १४ वर येतात, उलटा क्लॉक वेगळा बनवावा लागत नाही. पिन १६ ला +५ व्होल्ट, ७ ला −५, आणि ६ व ८ ग्राउंडला. −५ दिल्यामुळे सिग्नलचा शून्याखालचा भागही कापला जात नाही. क्लॉक ५५५ या टायमर आयसीचा, पण तो ४०१३ या फ्लिप-फ्लॉपमधून अर्ध्या वेगाचा करून घ्या, म्हणजे दोन्ही सिग्नलना सारखा वेळ मिळतो. नाहीतर एक ट्रेस (पडद्यावरची रेघ) ठळक आणि दुसरा फिका दिसतो. दोन्ही ट्रेस वर-खाली सरकवायला प्रत्येक सिग्नलच्या वाटेत टीएल०७२ या ऑप-अँपचा समिंग (बेरीज करणारा) अँप्लिफायर आणि एक पॉट (फिरवायचा रेझिस्टर) पुरे.

इथवर सगळ्यांचं जमतं. खरी गोची ट्रिगरची, म्हणजे पडद्यावर लाट कुठल्या क्षणी सुरू करायची ते ठरवण्याची. इंटर्नल ट्रिगर (पडद्यावर येणाऱ्या सिग्नलवरूनच) ठेवून क्लॉक जलद असेल, तर सीआरओ स्विचिंगच्या कडा पकडतो आणि लाटा पळत सुटतात. निदान चूक दिसते तरी! क्लॉक संथ असेल तर प्रत्येक सिग्नल स्वतःच्याच चढावर ट्रिगर होतो, दोन्ही लाटा डावीकडे एकाच जागी सुरू होतात आणि चित्र अगदी स्थिर, पण फेजचा फरक (एक लाट दुसरीच्या किती मागे आहे ते) गायब. म्हणून मूळ (इनपुटच्या) सिग्नलची एक वायर थेट एक्स्टर्नल ट्रिगरला न्या.

तपासायला १.६ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी लो-पास फिल्टर घ्या, १ किलोहर्ट्झचा साइन द्या. आउटपुट ४५ अंश मागे, म्हणजे १२५ मायक्रोसेकंद. टाइम बेस (पडद्यावरच्या एका आडव्या घराचा वेळ) ०.१ मिलिसेकंदावर असेल तर सव्वा घर अंतर दिसायला हवं.

ऑडिओच्या खालच्या पट्ट्यात क्लॉक ५० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. सिग्नल १०-२० किलोहर्ट्झला पोचला की क्लॉक १०० हर्ट्झवर आणा. दोन्ही सिग्नलचं ग्राउंड एकच लागतं, त्यामुळे घरातली २३० व्होल्टची लाइन या जोडणीच्या जवळही आणू नका.