पावसाळ्यात घरी बास गिटार रेकॉर्ड करायची तर

कोकणात घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की सगळ्यांना आधी माइक आठवतो. मग जून येतो, पाऊस कौलांवर आणि पत्र्यावर वाजायला लागतो आणि माइकमध्ये त्याच्याशिवाय दुसरं काही येत नाही. बासला ही अडचण नाही, कारण बासला माइक लागतच नाही. तारेचं कंपन पिकअप, म्हणजे तारांखालचा चुंबक, उचलतो, केबलमधून ते सरळ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीत, जातं. बाहेर कितीही कोसळत असू दे, रेकॉर्डिंगमध्ये पाऊस येत नाही. म्हणून कमी पैशात घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्याला मी एकच सांगतो: बासपासून सुरू कर, आणि पावसाळ्यातच कर.

मी कुडाळकडे वायरमनचं काम करतो आणि गावच्या भजन मंडळात बास वाजवतो. खालच्या गोष्टी या दोन्ही कामांतून शिकलेल्या आहेत.

अँप्लिफायर नसेल तर मनाला लावून घेऊ नका. १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन आपली बास बहुतेक वेळा थेट कन्सोललाच, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरलाच, जोडून वाजवायचे. उजव्या हाताचं एकच बोट आणि क्वचितच बदललेल्या जाड फ्लॅटवाऊंड (बाहेरून गुळगुळीत) तारा, एवढ्यावर त्यांनी जगाला बास ऐकायला शिकवलं. थेट जोडणं ही काही तडजोड नाही.

लॅपटॉप घरात असेल तर जुनी चार तारांची बास, साधा यूएसबी इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि तीन मीटरची चांगली केबल, एवढं सगळं माझ्या हिशेबात वीस-पंचवीस हजारांत बसतं. जुनी बास घेताना रंग बघू नका. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बघा. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. फट जास्त किंवा कमी असली तर नेकच्या आतल्या लोखंडी सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, ती सुधारता येते, पण एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका आणि नेकला स्थिर व्हायला एक रात्र द्या. रॉड फिरतच नसेल, तर ती बास घेऊ नका. पावसाळा लागला आणि संपला की हे माप परत घ्या. आपल्याकडे हवेतल्या ओलाव्याने लाकूड हलतंच.

तारांचा खरा शत्रू खारा वारा. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती कपड्याने वरून आणि खालूनही पुसा, खालून पुसायचं बहुतेक जण विसरतात. केसमध्ये सिलिका जेल ठेवा. नारिंगी दाण्यांचं मिळालं तर तेच घ्या. निळं असेल तर दाणे गुलाबी झाले की ते भरले असं समजा, आणि ते सुकवायला जेवणाचा तवा अजिबात वापरू नका. बासच्या तारा महाग असतात. आवाज दबला म्हणून लगेच नवा संच आणायची गरज नाही. तारा काढून सैल वेटोळी करा, जुन्या पातेल्यात पाच-दहा मिनिटं उकळा, पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच चढवा. गुंडाळीत अडकलेला घाम, तेल, मळ निघतो आणि थोडे दिवस तार पुन्हा खणखणते. ज्यांना हा व्याप नको त्यांनी फ्लॅटवाऊंड लावाव्यात. एकदा पैसे जातात, पण त्या वर्षानुवर्षं चालतात आणि भजनाला त्यांचा गोल आवाज छान बसतो.

आता माझ्या धंद्याचा विषय. घरी रेकॉर्ड केलेली बास बिघडते ती बहुतेक वेळा अर्थिंगमुळे. त्यातून विजेची जी गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये येते तिला हम म्हणतात. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. बासच्या सगळ्यात जाड, न दाबलेल्या ई तारेची ४१.२, आणि त्याच तारेवर चौथ्या फ्रेटवर ५१.९. हा चौथा फ्रेट म्हणजे पेटीची काळी चार. बुवांनी काळी चार धरली, तुम्ही खालचा सा लांबवला आणि लाईनमध्ये हम असला, तर ५० आणि ५१.९ एकमेकांवर आपटतात आणि सूर सेकंदाला जवळजवळ दोनदा फुगतो, ओसरतो. ऐकणाऱ्याला वाटतं वाजवणाऱ्याचा हात कापतोय. इक्वलायझरने ५० कापायला गेलात तर सा पण कापला जातो. म्हणून हम मुळातच येता कामा नये.

त्यासाठी पहिला उपाय फुकटचा: चार्जर काढा. लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस यूएसबीवर असला की भिंतीशी संबंधच तुटतो आणि बऱ्याचदा हम तिथेच जातो. लाईट गेली तरी काम चालू राहतं, ते वेगळंच. तरी बारीक गुणगुण राहिली तर ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघा, मग बास हातात धरून खुर्चीसकट हळूहळू फिरा. एकाच वेटोळ्याच्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपला एका दिशेला हम सगळ्यात कमी ऐकू येतो, तिथेच बसून वाजवा. दोन पिकअपची जाझ पद्धतीची बास असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवले की ते एकमेकांचा हम मारतात. घरी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर चार्जर लावून रेकॉर्डिंग करूच नका, भुणभुण येते.

हात तारांवर ठेवल्यावर हम कमी होणं नेहमीचं आहे. पण हाताला झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. थ्री-पिनची अर्थिंगची जाड पिन काढून हम घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जीव जाईल. जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) हवाच. आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस गडगडायला लागला की सगळे प्लग भिंतीतून बाहेर. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

इंटरफेसवर बास जोडताना "इन्स्ट" किंवा "हाय-झी" लिहिलेलं बटण दाबा. ते राहिलं तर बास कांबळं पांघरल्यासारखी वाजते आणि लोक उगाच तारांना दोष देतात. तुमची बास बॅटरीवाली असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर नऊ व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरत राहते. सगळ्यात जोरात वाजवून बघा आणि काटा उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल एवढाच गेन (आत येणारा आवाज वाढवणारं बटण) ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज बारीक राहिल्याने काही बिघडत नाही, लाल दिवा लागला तर मात्र तो भाग गेला. सॉफ्टवेअरमध्ये मला रीपर आवडतं. ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे. जुन्या लॅपटॉपवरही ते हलकं चालतं. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) निवडा आणि त्यातला बफर १२८ ठेवा. आवाज तुटायला लागला तर २५६ करा आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा, म्हणजे स्वतःची बास उशिरा ऐकू येणार नाही.

भजनात सी शार्प कुणी म्हणत नाही. बुवा पट्टी सांगतात आणि पेटी सुरू होते, तेव्हा हे पाठच हवं (जाडीकडून बारीककडे तारा ई, ए, डी, जी): पांढरी एक ए तारेवर तिसरा फ्रेट, काळी एक ए तारेवर चौथा, काळी दोन डी तारेवर पहिला, काळी तीन ई तारेवर दुसरा, काळी चार ई तारेवर चौथा, काळी पाच ए तारेवर पहिला. सा ए तारेवर असेल तर त्याच फ्रेटवर शेजारची जाड तार दाबली की खालचा पंचम मिळतो. सा ई तारेवर असेल तर पंचम वर शोधा, शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे.

पण त्याआधी बास पेटीला लावा, ट्यूनरला नव्हे. मंडळाच्या जुन्या पेट्या नेमक्या ४४० वर क्वचितच असतात. पेटीची पांढरी सहा दाबून ट्यूनरला ऐकवा, ट्यूनरचा ४४० चा आकडा वरखाली करून काटा मध्यावर आणा आणि मग त्याच आकड्यावर चारही तारा लावा. हे न करता घरी पाडलेला ट्रॅक पेटीवर ठेवला की दोन्ही एकमेकांशी भांडतात आणि ते भांडण नंतर मिटवता येत नाही.

पखवाज आणि पेटी उघडिपीत, माइकवर पाडून घ्या. बास मागाहून, पाऊस असताना. वाजवताना पखवाजाच्या डाव्या बाजूचं ऐका. कणीक लावलेली ती बाजू आणि तुमची बास एकाच जागेत राहतात. भजनी ठेक्यात सम तिच्याबरोबर घ्या, नंतरच्या तिच्या घुमाऱ्यात तार हाताने बंद करा. गजर चढला की बोटं आपोआप धावायला बघतात, तिथे स्वर कमी करा. डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनसामन्याच्या) तालमीत आमच्या बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ह्येचो आवाज पोटात वाजता रे!" तेव्हा मी अख्ख्या आवर्तनात दोनच स्वर वाजवत होतो.

शेवटी मोबाइल, कारण गावातली माणसं गाणं मोबाइलवरच ऐकतात आणि त्याच्या स्पीकरमधून ४०-५० हर्ट्झ बाहेर येतच नाहीत. बासच्या ट्रॅकची दुसरी प्रत करा, तिला थोडं डिस्टॉर्शन द्या, २०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका आणि ती मूळ ट्रॅकखाली अगदी हलकी मिसळा. वरचे हार्मोनिक ऐकू आले की मूळ स्वर कान स्वतःच भरून घेतो. मूळ ट्रॅकवर फक्त ३० हर्ट्झच्या खालचं कापा. मिक्सिंग दुसरं कुणी करणार असेल तर दोन्ही ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइल म्हणून काढा, नावात पट्टी आणि ट्यूनरचा आकडा लिहा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.