देव बोलतच नाही असं वाटतं? आधी दहा मिनिटं गप्प बसून बघा

आपण प्रार्थनेला बसलो की लगेच यादी सुरू करतो, याला बरं कर, तिचं लग्न जमू दे, नोकरीचं बघ प्रभू, आणि येशूच्या नावाने मागतो आमेन, उठलो. म्हणजे फोन लावायचा, आपलं सगळं सांगायचं आणि समोरचा हॅलो म्हणायच्या आत कट करायचा. वर तक्रार पण आपलीच की देव माझ्याशी बोलत नाही. मी वर्षानुवर्षं हेच केलंय म्हणून सांगतेय.

तर पहिली गोष्ट, झोप काढा. चेष्टा नाही करत. बायबलमधला १ राजे १९ हा अध्याय नीट वाचा, एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने पळालाय, झुडपाखाली पडून मला मरण दे म्हणतोय, आणि देव त्याला एक शब्द सुनावत नाही, देवदूत येतो, भाकर आणि पाणी देतो, हा खातो, परत झोपतो, परत उठून खातो, मग चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचतो, आणि तिथे तो वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी ती शांत मंद वाणी. मूळ हिब्रूत ते शब्द असे आहेत की त्याचा अर्थ ‘बारीक शांततेचा आवाज’ असाही होतो. आपण थेट होरेबवर जायला बघतो, भाकर आणि झोप गाळून. थकलेलं डोकं गप्प बसवलं की ते पेंगतं, एवढंच.

वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच ठेवा. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जायचा असं मार्क १:३५ मध्ये आहे, पण रात्रपाळीवाल्याने पहाटेचा हट्ट धरू नये. फोन सायलेंटवर नको, दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण जवळ असला की न वाजताही आपला कान तिकडेच असतो. घड्याळाचा गजर दहा मिनिटांवर लावा, सुरुवातीलाच तासभर बसायला जाऊ नका.

बसताना एक छोटं वचन घ्या. मला स्तोत्र १३१ आवडतं, तीनच ओव्या आहेत, त्यात दूध तुटलेल्या बाळाचं चित्र आहे. अंगावर पिणारं बाळ आईजवळ आलं की दुधासाठी धडपडतं, दूध तुटलेलं नुसतं मांडीवर पडून राहतं, त्याला काही नको असतं, आई हवी असते. दोनदा सावकाश वाचा आणि पुस्तक मिटा.

आता खरी मजा. पहिलं मिनिट छान जातं. दुसऱ्या मिनिटाला गॅस बंद केला का, तिसऱ्याला पाठ खाजते, चौथ्याला परवा कोण काय बोललं ते आठवतं आणि आपण मनातल्या मनात त्याला असं उत्तर देतो की बास. हे सगळ्यांचंच होतं. अविलाच्या तेरेसासारखी सोळाव्या शतकातली मोठी संत, तिनेही लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेचा तास कधी संपतो याच्याकडेच जास्त असायचं. त्यामुळे विचार आला की भांडू नका, स्वतःला ओरडू नका, वचनातला एक शब्द मनात म्हणा आणि परत या. पन्नास वेळा भरकटलात तर पन्नास वेळा परत या, तोच सराव आहे. फारच महत्त्वाचं काही आठवलं तर शेजारच्या कागदावर एक शब्द खरडा आणि सोडून द्या. आणि हो, ते चौथ्या मिनिटाचं भांडण रोज रोज येत असेल तर त्याला विचलित होणं म्हणून झटकू नका, माझ्या बाबतीत तरी देवाला नेमकं तेच बोलायचं होतं, मी माफी मागायची बाकी होती.

कानात आवाज येईल म्हणून वाट बघू नका. बहुतेक वेळा एखादं वचन अचानक लागतं, किंवा कुणाची आठवण येऊन जात नाही, किंवा काहीच होत नाही, आणि काहीच न झालेला दिवसही वाया गेलेला नसतो.

पण ऐकू आलेलं सगळंच देवाचं असतं का? नाही ना. बायबलमधला छोटा शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावला, त्याला वाटलं तोच हाक मारतोय, आणि एलीलाही तिसऱ्या वेळी कळलं की हे परमेश्वराचं काम आहे. म्हणून विश्वासात मुरलेलं एखादं माणूस धरा, चर्चचा पाळक असो की मंडळीतली कुणी आजी, त्यांना दाखवा. १ योहान ४:१ मध्ये पारखून घ्या असं स्पष्ट लिहिलंय. जे बायबलच्या विरोधात जातं, आत्ताच्या आत्ता कर म्हणून घाई लावतं, किंवा मी किती बरोबर आणि बाकी सगळे चूक एवढंच सांगतं, तिथे मी तरी थांबते. लग्न, नोकरी, पैसे असले निर्णय एका सकाळच्या फीलिंगवर घेऊच नका. आणि ‘देव मला म्हणाला’ हे वाक्य दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरू नका, फार बघितलंय ते.

एकट्याला जमत नसेल तर दोघंतिघं मिळून बसा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सतराव्या शतकापासून असेच एकत्र गप्प बसत आलेत. सुरुवातीला हसू येतं, येऊ दे.

गजर झाला की लगेच फोनकडे धावू नका. वहीत तारीख टाका, आठवलेलं वचन किंवा माणसाचं नाव लिहा, काही नसेल तर ‘काही नाही’ असं लिहा, आणि महिन्याने ती पानं एकदम वाचा, एकच नाव चार वेळा आलेलं दिसलं तर त्या माणसाला आधी फोन करा.