बिअरसाठी हॉप्स कसे निवडावेत

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. त्यांच्या जाती शंभराहून जास्त, आणि जवळपास प्रत्येकीच्या वर्णनात 'फुलांचा', 'फळांचा', 'मसालेदार' हे शब्द हटकून असतात. त्यात शिरण्याआधी एवढंच ठरवा: हॉप्स कडवटपणासाठी हवेत की वासासाठी?

कडवटपणासाठी पाकिटावरचा अल्फा आम्लांचा आकडा बघा. वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) अजून न आंबलेला गोड अर्क, तासभर उकळताना या आम्लांचं रूप बदलतं आणि कडवटपणा उतरतो. वास तोवर बहुतेक वाफेबरोबर निघून गेलेला असतो. म्हणून इथे जातीच्या नावाचं फारसं कौतुक नको. 20 लिटर बिअरला साधारण 30 आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) कडवटपणा हवा असेल, तर 12 टक्के अल्फा आम्लांचं मॅग्नम जातीचं हॉप 20 ग्रॅम पुरतं. 3.5 टक्क्यांच्या साझकडून तेच काम करून घ्यायचं तर जवळपास 70 ग्रॅम लागतं, आणि एवढ्या पाल्याची गवताळ चव बिअरमध्ये येऊ शकते. अल्फा आम्लांचा आकडा दर हंगामात बदलतो. रेसिपी कितीही नावाजलेली असो, हिशेब हातातल्या पाकिटावरूनच करा.

वासाचे हॉप्स बिअरच्या प्रकारावर ठरतात. पिल्सनरला चेक साझ किंवा जर्मन हालरटाउ, दोन्ही सौम्य. इंग्लिश बिटरला ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा थोडं मातकट फगल. अमेरिकन पेल एलला 1972 मध्ये बाजारात आलेलं कॅस्केड घ्या, त्याला ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास असतो. सिट्रा त्याहून दांडगं. पिल्सनरमध्ये घातलंत तर कोणी अडवणार नाही, पण माल्ट बिचारं दबून जाईल.

हे हॉप्स उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाका. वास आणखी हवा असेल तर आंबणं संपत आल्यावर थेट बिअरमध्ये तीन-चार दिवस ठेवा. पहिल्या खेपेला वासासाठी एकच जात वापरा. चार मिसळल्या तर कुठली आवडली ते कळणार नाही.

वापरण्याआधी दोन पेलेट (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या) तळहातावर चुरून हुंगा. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर पाकीट बाजूला ठेवा. उरलेले हॉप्स हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका. घरात कुत्रा असेल तर उकळीनंतरचा चोथाही त्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.