५जी फोन घेताना या चुका टाळा

खोक्यावर ५जी छापलेलं असतं, दुकानदारही 'सगळं चालतं' म्हणतो. घरी आल्यावर मात्र गॅलरीत ५जी आणि आतल्या खोलीत ४जी. अशा वेळी फोन बिघडलाय असं समजून सर्व्हिस सेंटर गाठू नका. बऱ्याचदा फोनचे आणि नेटवर्क कंपनीचे बँड, म्हणजे सिग्नलच्या लहरींचे ठरावीक पट्टे, जुळत नसतात.

जिओचं ५जी मुख्यतः दोन बँडवर चालतं: ३३०० मेगाहर्ट्‌झचा एन७८ आणि ७०० मेगाहर्ट्‌झचा एन२८. भिंतींतून आत शिरतो तो दुसरा. २०२०-२१ मध्ये इथे विकल्या गेलेल्या काही ५जी फोनमध्ये एकटा एन७८ होता. 'माझ्या फोनमध्ये बी२८ आहे की' म्हणून खूश होऊ नका, तो ४जीचा बँड. एन२८ वेगळा लिहिलेला हवा. आणखी एक मेख म्हणजे जिओचं ५जी स्वतंत्र (एसए) आहे, तर एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधारावर चालणाऱ्या एनएसएने केली. त्यामुळे एकाच फोनवर एअरटेलचं ५जी दिसतं आणि जिओचं नाही, असंही होतं. आधी सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. आयफोनलाही भारतातलं ५जी डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतरच मिळालं होतं.

सगळ्यात महागात पडतो तो अमेरिकेहून भाच्याने आणलेला फोन. तिथल्या कंपनीचं लॉक असेल तर इथलं सिम चालणारच नाही. आयफोन १४ पासून तिकडच्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. हे सगळं पार केलं तरी व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल लावायची सोय, उरतंच. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे फोनला जिओचं व्होएलटीई जमत नसेल तर नेट धावतं आणि कॉल लागत नाही. एअरटेल किंवा व्हीआयवर तोच कॉल गुपचूप २जीवर उतरतो. ओळखायचं कसं? वायफाय बंद करा, कॉल लावा आणि वरच्या पट्टीकडे बघा. ४जी जाऊन तिथे २जीची खूण 'ई' आली आणि नेट थांबलं, तर कारण हेच.

उलटा प्रवासही तितकाच अवघड. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, त्यामुळे कॉलसाठी तिथलं व्होएलटीई लागतं. एटी अँड टी तर ठरावीक मॉडेलच नेटवर्कवर घेते. मुलाकडे सहा महिने राहायला जाणार असाल, तर बॅगा भरण्याआधी मॉडेल नंबर तपासून घ्या.

खासगी कंपन्यांच्या जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर बरेच जण बीएसएनएलकडे वळले. त्यांचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्‌झवर आहे. जुन्या फोनमध्ये बी२८ नसेल तर गावाकडे रेंजची बोंब होणारच. घरात पडून असलेलं जुनं ३जी सिमही ४जीला चालत नाही, ते बदलून ४जीचं आणावं लागतं.

काही जुन्या फोनच्या दुसऱ्या स्लॉटला ४जी नसतं. सिमची अदलाबदल करा, दोन मिनिटांचं काम.

फोनच्या नावावर विसंबू नका. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ चंच उदाहरण घ्या: इथला एसएम-एस९११बी, अमेरिकेतला एसएम-एस९११यू. नाव एक, बँडची यादी वेगळी. सेटिंग्जमधला पूर्ण मॉडेल नंबर फोन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकून यादी वाचा. सेकंड-हँड फोन असेल तर पैसे देण्याआधी आपलं सिम घालून कॉल लावा आणि कॉल चालू असतानाच एखादं पान उघडतंय का बघा. विकणारा एवढंही करू देत नसेल, तर सरळ दुसरं दुकान बघा.