अमेरिकेतील पाहिलेली राज्ये कशी मोजावीत

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला राहून सोलापूरला परतलेल्यांनी तिथल्या राज्यांचा हिशेब मांडण्यापूर्वी 'पाहिले' कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे. रेल्वेने चेन्नईला जाताना झोपेत कर्नाटक ओलांडले, तर आपण ते पाहिले असे म्हणत नाही. विजापूरला उतरून गोलघुमट पाहिला, तर खुशाल म्हणतो. हाच नियम तिकडेही लावावा आणि नुसते विमान बदललेले राज्य धरू नये. मोटारीतून ओलांडलेल्या राज्यात निदान एक जेवण झालेले असावे, असे माझे मत आहे.

एकूण राज्ये 50 असून अलास्का आणि हवाई ही 1959 मध्ये सामील झालेली शेवटची दोन होत. राजधानी वॉशिंग्टन डी.सी. आणि पोर्तो रिको ही राज्ये नव्हेत. त्यांची नोंद वेगळी ठेवावी.

खरी गफलत विमानतळांमुळे होते. न्यूयॉर्कला उतरलो असे सांगणारे पुष्कळजण प्रत्यक्षात न्यूअर्कला, म्हणजे न्यू जर्सीत उतरलेले असतात. वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ व्हर्जिनियात आहे, तर सिनसिनाटी शहर ओहायोत असूनही त्याचा विमानतळ केंटकीत आहे. म्हणून बोर्डिंग पास, हॉटेलची बिले आणि मोबाइलमधील फोटोंचे ठिकाण ताडून पाहावे व मगच नकाशावर राज्य रंगवावे.

युटा, कोलोराडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको जिथे एका बिंदूत मिळतात, तिथे चारही राज्यांत हातपाय टेकवून काढलेला फोटो जरूर जपावा. मात्र तेवढ्यावरून चार राज्ये मोजू नयेत.