गोडी छाटणीची पेस्ट तोंडावर आली, हातमोजे गटाने आताच मागवा

द्राक्षबागेच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, तारीख ठरते, टोळीला उचल जाते, औषधाच्या बाटल्या महिनाभर आधी घरात येऊन पडतात. हातमोजे मात्र पेस्टच्या, म्हणजे काडीच्या डोळ्यांना फुटीचे औषध लावायच्या, दिवशी सकाळी सात वाजता पोराला मोटारसायकलवर पिटाळून आणायचे. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवड, कुठल्याही शिवारात जा, सप्टेंबर-ऑक्टोबरात हेच चित्र. दुकानदार जे हातात टेकवेल ते आणि शिल्लक असेल त्या मापाचे. दहा वाजेपर्यंत निम्मे फाटलेले, उरलेले मजुरांनी काढून बांधावर फेकलेले. पुढचे काम उघड्या हातांनी.

बागलाणातल्या अर्ली, म्हणजे लवकर छाटायच्या, बागांचे हे काम उरकले. बाकीच्यांकडे अजून थोडे दिवस आहेत. परतीच्या पावसाचा भरवसा नाही, एक उघडीप मिळाली की सगळे एकाच आठवड्यात कात्र्या घेऊन उभे राहतात, आणि त्या आठवड्यात तालुक्यात धड हातमोजा मिळत नाही. म्हणून हे आज लिहितो आहे. बाकीची कामे थोडी मागेपुढे झाली तरी चालतील, ही ऑर्डर या आठवड्यात गेली पाहिजे.

मोज्याचा आणि फुटीचा संबंध

हायड्रोजन सायनामाइड ५० टक्के हे आपले पेस्टचे औषध. डोस सहसा लिटरला ३० ते ४० मिली, काडीची जाडी आणि त्या दिवसांतले तापमान बघून. जाड काडीला वरचा आकडा, ऊन तापलेले असेल तर खालचा. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा चालू सल्ला वाचा आणि लेबल वाचा, दुकानदाराच्या तोंडी डोसवर जाऊ नका. छाटणीनंतर २४ ते ४८ तासांत पेस्ट लागली पाहिजे. लावल्यावर चार-सहा तास पाऊस नको.

आता उघड्या हाताचा मजूर पेस्ट कशी लावतो ते जवळ उभे राहून बघा. पहिला तासभर तो औषधात भिजवलेला बोळा नीट दाबून डोळ्याभोवती फिरवतो. मग बोटांच्या पेरांशी चुणचुण सुरू होते, नखाच्या कडेला कातडी पांढरी पडते. त्यानंतर तो बोळा दोन बोटांच्या टोकात धरतो आणि डोळ्याला नुसता टेकवून पुढे जातो. काही डोळे तसेच सुटतात. पंधरा दिवसांनी फूट मागेपुढे होते आणि बागायतदार औषध डुप्लिकेट होते म्हणून दुकानात भांडायला जातो. एका काडीवर पाच पानांची फूट आणि शेजारच्या काडीवर नुसता कापसलेला (फुगून लव दिसणारा) डोळा, अशा बागेत पुढे डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) यातले काहीच एका वेळेला येत नाही. वर्षभराचे वेळापत्रक तिथेच मोडते.

ढगळ मोजा तितकाच वाईट. बोटापुढे अर्धा इंच रिकामे टोक लोंबते, ते फुगलेल्या डोळ्यात अडकते आणि डोळा मोडून खाली पडतो. कुठल्या शिफारशीत हे लिहिलेले नाही, माझे बघण्यातले आहे: ज्या टोळीला मापाचे मोजे मिळाले त्या बागेची फूट जास्त एकसारखी येते.

आणि हे औषध पिकापुरते राहत नाही. ते कातडीतून अंगात जाते. युरोपीय संघाने २००८ मध्ये याला मान्यता नाकारली, त्याला एक मोठे कारण वापरणाऱ्याच्या जिवाचा धोका हेच होते. त्याआधी इटलीत २००१ साली हेच औषध हाताळणारे लोक आजारी पडल्याची नोंद झाली होती. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीत वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. औषधे वेगळी होती, पण उघड्या हातांनी आणि उघड्या तोंडाने काम करण्याची सवय तीच.

कोणता मोजा

नायट्राइल रबराचा, जाडी ०.३८ मिमीच्या आसपास, लांबी ३३ सेंमी म्हणजे १३ इंच. पाकिटावर चंबूचे चित्र आणि ईएन ३७४ किंवा आयएसओ ३७४ असे छापलेले हवे, म्हणजे तो रसायनासाठी तपासलेला आहे. हातोड्याचे चित्र (ईएन ३८८) एकटेच असेल तर तो घासण्या-कापण्यापासून वाचवणारा मोजा, औषधासाठी नाही. कीडनाशके हाताळणाऱ्यांसाठी २०१९ पासून आयएसओ १८८८९ हे वेगळे मानक आहे. त्यातला जी२ दर्जा मिळाला तर उत्तम, तो मूळ औषध ओतून मिसळतानाही चालतो.

लांबी का? वेल मांडवावर असो की वाय आकाराच्या आधारावर, हात वर करूनच काम. बोळ्यातले पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळते. आखूड मोजा असला की ओघळ आत शिरतो आणि दिवसभर आतच मुरतो. लांब मोजा बाहीच्या वरून चढवायचा आणि त्याची कड बाहेरच्या बाजूला दोन बोटे दुमडायची. ओघळ त्या दुमडीत अडतो, अधूनमधून हात खाली करून झटकायचा. खाली वाकून करायच्या कामात उलटे, बाही मोज्यावरून.

हे घेऊ नका:

- सुती विणलेले, तळव्यालाच रबर लावलेले. पाठ उघडी असते, कापड औषध पिते आणि कातडीला चिकटवून ठेवते. यापेक्षा उघडा हात परवडला, निदान धुता तरी येतो.
- दवाखान्यातले पातळ. जाडी जेमतेम ०.१ मिमी, काडीच्या कापावर घासला की संपला.
- वीजवाल्यांचे जाड रबरी. डोळा बोटाला जाणवतच नाही.
- साधे लॅटेक्स. पेस्टपुरते चालेल, पण पुढे ईसी (द्रावकात विरघळवलेली) औषधे मिसळताना त्यातल्या द्रावकाने फुगते आणि चिकट होते. दोन कामांना दोन मोजे कशाला?

बाटलीच्या खोक्यासोबत ‘फुकट’ येणारे मोजे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातले निघतात. दुकानदाराच्या ‘संपूर्ण सुरक्षा किट’चेही तेच. चष्मा, टोपी, ॲप्रन, मास्क आणि एक जोडी मोजे अशी चकचकीत पिशवी. ज्याची गरज रोज लागते ते एकच, तेही हलके. पैसे मात्र पिशवीचे. चष्मा आणि ॲप्रन घ्यायचेच आहेत, पण वेगळे बघून घ्या.

माप: इथेच ऑर्डर बिघडते

‘फ्री साइज द्या’ असे म्हणू नका. अंगठा सोडून तळव्याचा घेर टेपने मोजा. जितके इंच तितके माप. आपल्या टोळ्यांत निम्म्याहून जास्त बाया असतात, त्यांना ७ किंवा ८ लागतो. दुकानात पडलेले असतात ९ आणि १०. मग बायांना मोजे घालायची सवय नाही असे मुकादम सांगतो. सवयीचा प्रश्न नाही, मोजा हातात बसत नाही. पेठ-सुरगाण्याकडची टोळी येणार असेल तर मुकादमाला आजच फोन करा आणि विचारा: माणसे किती, बाया किती, मागच्या वर्षीचेच लोक आहेत का. प्रत्येकाचा घेर कळणार नाही, पण ७, ८, ९ चा अंदाज नक्की बांधता येतो.

किती घ्यायचे

गटात अठरा बागायतदार म्हणून प्रत्येकी डझन, अठरा गुणिले बारा असा हिशेब केला की फसलात. टोळी तीच असते, ती एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते. मोजणी बागायतदारावर करू नका, मजुरावर करा. समजा गटातल्या बागांवर बारा-बारा जणांच्या पाच टोळ्या फिरणार. माणशी दोन जोड्या, म्हणजे १२०. प्रत्येक बागायतदाराकडे औषध मिसळणाऱ्यासाठी दोन जोड्या, म्हणजे ३६. झाले १५६. त्यावर १५ टक्के फाटाफुटीला धरा. बेरीज १८० जोड्या, बरोबर १५ डझन. माणशी दुसरी जोडी चैन म्हणून नाही. धुतलेली वाळेपर्यंत घालायला काहीतरी लागतेच.

अठरा जणांनी वेगवेगळे घेतले तर ठोक विक्रेता दारात उभे करत नाही. पंधरा डझनांवर तो माप वेगळे काढून देतो, बिल देतो आणि फाटके परत घेतो. गटखरेदीचा खरा फायदा मला हा वाटतो, भाव पडतो तो त्यानंतर.

खरेदी कशी करायची

औषधाच्या दुकानातून शक्यतो नकोच. तिथे आपली उधारी असते, आणि उधारीवाल्याला ‘हे मोजे नको, ते दाखव’ म्हणता येत नाही. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींना सुरक्षा साहित्य पुरवणारे विक्रेते असतात, कारखान्यांचा माल तेच देतात. तिघांकडून लेखी भाव मागवा: जीएसटी धरून की सोडून, भाडे कोणाचे, मापे मिसळून देणार का, सदोष जोडी बदलून देणार का. नमुन्याची एक जोडी आधी आणा आणि गटातल्या एखाद्या बाईला अर्धा दिवस घालायला लावा. गटाच्या अध्यक्षाने हातात धरून चोळून बघितले, ही तपासणी नव्हे.

पैसे ऑर्डरच्या आधी गोळा करायचे, गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या खात्यात, कोणाच्या खिशात नाही. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याचे डझन ऑर्डरमध्ये धरू नका. कठोर वाटेल, पण दोघा-तिघांच्या नंतरपायी ऑर्डर आठ दिवस लांबते आणि सगळेच पुन्हा तालुक्याच्या दुकानात सकाळी सातला उभे राहतात. बिल गटाच्या नावे घ्या, कोणी किती जोड्या नेल्या त्याची वही ठेवा.

माल आला की खोकी फोडून प्रत्येक डझनातली एक जोडी तपासा. मोज्यात पाणी भरा, तोंड पिळून धरा आणि बोटांकडे दाबा. बोटांच्या बेचक्यात थेंब आला तर तो पूर्ण डझन तपासा. हे माल उतरवणाऱ्या गाडीवाल्यासमोर करा, त्याने नंतरचे वाद वाचतात.

वाटप आणि वापर

मोजे मुकादमाच्या हवाली करू नका, मजुराच्या हातात द्या. मजुरीतून पैसे कापू नका. उक्त्या कामात माणूस घाईत असतो, त्याच्या खिशातून गेलेली वस्तू तो जपून ठेवतो, वापरत नाही.

हात धुऊन, कोरडे करून मग घालायचे. आतून एकदा औषध गेले की ती जोडी बाद. काढताना आधी मोज्यासकट हात साबणाने धुवायचे, मग दोन्ही मोजे थोडे थोडे सैल करत काढायचे. सावलीत उलटे टांगून वाळवायचे. बिडी, तंबाखू, पाणी, फोन, सगळे मोजे काढून हात धुतल्यावर. तंबाखू मळणारा हात सगळ्यात धोक्याचा.

आता दारूचे. हे प्रत्येक टोळीला, आणि मालकालाही, काम सुरू होण्याआधी स्पष्ट सांगा. सायनामाइड अंगात गेले असताना दारू पोटात गेली की शरीराला ती पचवता येत नाही. तोंड-डोळे लालबुंद होतात, छाती धडधडते, दम लागतो, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. बिअर, ताडी, हातभट्टी सगळी सारखीच, दारूचा अंश असलेली खोकल्याची औषधे आणि टॉनिकही त्यातच. आदल्या दिवसापासून बंद, आणि काम संपल्यावरही लेबलावर लिहिलेले दिवस बंद. उघड्या हातांनी काम केलेल्या माणसाला संध्याकाळचा एक पेलाही महागात पडतो. कोणाला असे झाले तर उतारा, लिंबूपाणी यात वेळ घालवू नका. अंग धुवा, कपडे बदला, १०८ ला फोन करा, बाटलीचे लेबल सोबत न्या आणि डॉक्टरला दारूचेही खरे सांगा.

छाटणीची बाकी कामे

- काडी तपासणी करून किती डोळ्यांवर छाटायचे ते ठरवणे
- पानगळ, काडी पिकल्याची खात्री करून
- कात्र्या धार लावून, निर्जंतुक करून
- छाटलेल्या काड्या आणि पाने बागेबाहेर
- छाटणीनंतर १ टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण), खोड-ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) भिजतील असा (मोजे घालून)
- पेस्टमध्ये रंग, सुटलेले डोळे दिसावेत म्हणून
- फूट निघताच डाऊनीसाठी बागेत रोज फेरी

पेस्ट संपली की मोजे मोजून परत घ्या. बोटाच्या टोकाशी चिकट, कडक किंवा भेगाळलेला मोजा बाद करा आणि त्याची बोटे कात्रीने छाटून टाका, नाहीतर तोच मोजा घरी जाऊन धुण्याभांड्याला लागतो. बांधावर जाळू नका. चांगल्या जोड्यांवर न पुसणाऱ्या पेनाने ‘औषध’ लिहून पोत्यात घाला आणि औषधाच्या खोलीत वेगळ्या टांगा. डाऊनीच्या फवारण्यांची औषधे मिसळायला त्याच कामी येतील. जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) डिपिंगला मात्र कोऱ्या जोड्या लागतात, सायनामाइडचा मोजा कोवळ्या घडाला लावायचा नाही. १५ टक्के जादा धरलेत त्यातल्या न वापरलेल्या जोड्या त्यासाठी बाजूला ठेवा आणि कमी पडतील तेवढ्यांची दुसरी ऑर्डर पहिली फूट दिसल्याबरोबर टाका.